चिठ्ठी वाचावी कीं मानावी?

आपल्याकडील जुन्या वाड्यांतून देवडीवर एकादा माणूस बसलेला असे. बाहेरून कोणी चिठ्ठी घेऊन आला, म्हणजे ती घ्यावी, कोणाकडची आहे तें विचारावें आणि आंत नेऊन घरांतील कर्त्या माणसाच्या हातीं द्यावी, एवढेंच त्याचें काम. चिठ्ठींतील मजकुराशीं त्याला कर्तव्य नसे. "कोठीची किल्ली निरोप आणणारास द्यावी," असें तींत लिहिलें असलें, तरी किल्ली देणें न देणें हें त्याच्या अधिकारांतलें नव्हतें. आतां अशी कल्पना करा कीं, हा देवडीवरचा माणूस मोठा प्रामाणिक, चपळ आणि आज्ञाधारक आहे; परंतु त्याला एक विलक्षण खोड आहे. जी चिठ्ठी त्याला उमगत नाहीं, ती "मला उमगली नाहीं" असें कळविण्यासाठीं तो मोठ्यानें वाचूं लागतो, आणि वाचतां वाचतां तींत जी आज्ञा असेल ती नकळत पारही पाडतो. अशा माणसाच्या भरंवशावर असलेल्या वाड्याची काय गत होईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

वाचकांस ही कल्पना हास्यास्पद वाटेल. परंतु २०१७ सालीं अमेरिकेंतील एका बड्या संस्थेच्या देवडीवर नेमका असाच माणूस बसला होता, आणि त्यापायीं सुमारें १४ कोटी ७० लक्ष लोकांची खाजगी माहिती परक्यांच्या हातीं गेली. फरक इतकाच कीं, तो माणूस हाडामांसाचा नव्हता. तो संगणकाच्या आज्ञावलीचा एक लहानसा भाग होता. संगणकशास्त्राशीं ज्यांचा संबंध नाहीं त्यांनींही ही हकीगत नीट समजून घ्यावी असें आम्हांस वाटतें. कारण तींत जी नुकसानी झाली ती संगणकाची नसून कुटुंबांची होती.

ज्या संस्थेची ही गोष्ट आहे तिचें नांव इक्विफॅक्स. तिचा उगम मोठा घरगुती आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकांत केटर वूलफर्ड नांवाचा गृहस्थ अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा या गांवीं किराणा मालाचें दुकान चालवीत असे. उधारी वेळेवर कोण फेडतो, कोण टाळाटाळ करतो, याची त्यानें एक यादी केली. आणि ती यादी इतर दुकानदारांस इतकी उपयोगी वाटली कीं, यादी करणें हाच एक धंदा होऊं शकेल हें त्याच्या ध्यानांत आलें. १८९९ सालीं त्यानें आपला भाऊ गाय याच्यासह अटलांटा शहरीं 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. तिलाच पुढें १९७० च्या दशकांत इक्विफॅक्स हें नांव मिळालें.

आपल्या वाण्याच्या खतावणींतही आपली पत लिहिलेली असतेच. परंतु वाणी आपणांस तोंडानें ओळखतो, आणि त्याचा हिशेब पटला नाहीं तर आपण दुसऱ्या दुकानीं जातों. इक्विफॅक्ससारख्या संस्थेचें तसें नाहीं. तिचीं खरीं गिऱ्हाइकें म्हणजे बँका, सावकारी संस्था आणि व्यापारी. ज्यांचीं नांवें, जन्मतारखा, पत्ते आणि कर्जांचे तपशील तिच्या वहींत आहेत, त्या कोट्यवधि लोकांनीं तिला ती वही लिहावयास कधीं सांगितलेलें नसतें, आणि "आमचें पान फाडून द्या" असें म्हणण्याची सोयही त्यांस नसते. परक्याच्या घरीं आपली ठेव आहे, पण आपण ती ठेवलेली नाहीं, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे. म्हणूनच असल्या घराच्या देवडीची काळजी साऱ्या समाजानें वाहिली पाहिजे.

आतां त्या देवडीकडे वळूं. आपल्याविषयींची नोंद चुकीची आहे असें कोणास वाटलें, तर त्यानें तक्रार नोंदवावी व सोबत पुराव्याचे कागद पाठवावे, यासाठीं इक्विफॅक्सनें इंटरनेटवर एक संकेतस्थळ उघडलें होतें. तें ज्या साहित्यानें उभारलें होतें त्यांत 'अपाचे स्ट्रट्स' नांवाचा एक भाग होता. आमच्या वाचकभगिनींस यांतील मर्म चटकन कळेल. हल्लीं कोणत्याही घरीं सर्व कांहीं जात्यावर दळलें जात नाहीं; पीठ गिरणींतून येतें, मसाला दुकानांतून येतो, आणि सुगरण त्यांवर आपली करामत करते. संगणकाचे कारागीरही तेंच करतात. प्रत्येक संकेतस्थळास लागणारीं नेहमीचीं कामें करणारे तयार भाग मिळतात, आणि ते जोडून पुढचें काम केलें जातें. स्ट्रट्स हा असाच एक तयार भाग. अपाचे नांवाच्या सार्वजनिक संस्थेच्या छत्राखालीं स्वयंसेवक तो घडवितात, आणि कोणीही तो विनामूल्य वापरावा अशी मुभा आहे. मोठमोठ्या बँकांनीं व सरकारी कचेऱ्यांनीं तो वापरला होता. त्यांत गैर असें कांहींच नव्हतें.

या स्ट्रट्समध्यें, बाहेरून आलेले कागद स्वीकारणारा एक उपभाग होता. आपण संकेतस्थळावर एकादा कागद पाठवितों तेव्हां आपला संगणक त्यासोबत, आपणांस न दिसणारा, एक मथळा पाठवितो. 'आंत आहे तें चित्र आहे, कीं लेख आहे, कीं आणखी कांहीं,' एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. या मथळ्यास 'कंटेंट-टाइप' म्हणतात. मथळा उमगला नाहीं तर हा उपभाग चुकीचा संदेश तयार करी, आणि त्या संदेशांत तो न उमगलेला मथळा जशाचा तसा उद्धृत करी. येथवर सर्व ठीक होतें. परंतु तो संदेश पुढें ज्या यंत्रणेच्या हातीं जाई, तिला विशिष्ट कंसांतील मजकूर हा नुसता मजकूर न मानतां सूत्र मानून सोडविण्याची संवय होती. हीं सूत्रें 'ओजीएनएल' नांवाच्या एका छोट्या भाषेंत लिहिलेलीं असतात, आणि त्या भाषेंतून संगणकास वाटेल ती आज्ञा देतां येते. मग चोरास करावयाचें तें काय राहिलें? त्यानें मथळ्याच्या जागीं सरळ आज्ञाच लिहावी. उपभाग म्हणणार, "हें मला कळलें नाहीं;" आणि तें म्हणतां म्हणतांच ती आज्ञा पाळली जाणार! त्यासाठीं चोरास नांव सांगावें लागत नाहीं, परवलीचा शब्द द्यावा लागत नाहीं, कीं आपली खुर्ची सोडावी लागत नाहीं. दूर देशीं बसून दुसऱ्याच्या संगणकाकडून आपल्या आज्ञा पाळवून घेणें, यास जाणते लोक 'रिमोट कोड एक्झिक्यूशन' म्हणतात. आणि संगणकाच्या सर्व दोषांत हा अत्यंत घातक समजला जातो.

येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. "फुकटचा माल, फुकटचीच किंमत" असें म्हणणारे लोक सर्वत्र असतात. परंतु स्ट्रट्सच्या स्वयंसेवकांनीं हा दोष लपविला नाहीं. ७ मार्च २०१७ च्या सुमारास त्यांनीं दोष जाहीर केला, आणि त्याबरोबरच दुरुस्त केलेल्या आवृत्त्याही सर्वांपुढें ठेवल्या. गिरणीवाल्यानें स्वतः दवंडी पिटवावी कीं, "अमक्या दिवशींच्या पिठांत खडा निघाला आहे, तें टाकून द्या, हें नवें पीठ विनामूल्य न्या," यापेक्षां सचोटी ती आणखी कोणती? परंतु दोष जाहीर होतांच तो चोरांसही कळतो. त्या घटकेपासून घरधनी आणि चोर यांची शर्यत लागते. आणि घरधन्यास ती जिंकावयाची असेल, तर आपल्या घरांत कोणत्या डब्यांत तें पीठ भरलें आहे हें त्यास ठाऊक असावें लागतें.

इक्विफॅक्सला तें ठाऊक नव्हतें. ८ मार्चला अमेरिकन सरकारच्या सुरक्षाखात्याकडून तिला इशारा मिळाला. ९ मार्चला तो इशारा संस्थेंतील चारशेंहून अधिक लोकांस धाडण्यांत आला, आणि अशी दुरुस्ती ४८ तासांच्या आंत करावी असा संस्थेचा नियमही होता. परंतु ज्या यादीवरून हीं पत्रें गेलीं ती यादी जुनी झाली होती. ज्यांच्याकडे त्या संकेतस्थळाचें काम होतें त्यांच्यापर्यंत तें पत्र पोंचलेंच नाहीं. १५ मार्चला यंत्राकडून शोध घेण्यांत आला. त्या यंत्रासही सदोष स्ट्रट्स आढळला नाहीं. चारशें लोकांस पत्र गेलें, यंत्रानें 'कांहीं नाहीं' असें सांगितलें, आणि सर्वजण निश्चिंत झाले. एकत्र कुटुंबांत राहणारांस हा अनुभव नवा नाहीं. "मागचें दार लावा गं," असें एकदां सर्वांस उद्देशून सांगितलें, म्हणजे प्रत्येकीला वाटतें कीं दुसरीनें लावलें असेल; आणि सकाळीं दार सताड उघडें सांपडतें.

त्या उघड्या दारांतून १३ मे २०१७ रोजीं चोर आंत शिरले. दुरुस्तीचें साधन उपलब्ध होऊन तेव्हां दोन महिने उलटून गेले होते. आंत गेल्यावर त्यांस दुसरें भाग्य लाभलें. इतर भांडारांचीं नांवें व परवलीचे शब्द एका ठिकाणीं साध्या, कोणासही वाचतां येईल अशा लिपींत लिहून ठेवलेले त्यांस सांपडले. एका तक्रारीच्या खिडकींतून शिरलेले चोर त्या किल्ल्यांच्या जोरावर, तक्रारींशीं कांहीं संबंध नसलेल्या आणखी ४८ भांडारांपर्यंत पोंचले. त्यांनीं त्या भांडारांस सुमारें ९,००० प्रश्न विचारले, आणि त्यांपैकीं २६५ वेळां लोकांची खाजगी माहिती त्यांच्या हातीं लागली. हा सर्व माल ते कूटलिपींत बांधून बाहेर नेत होते. कूटलिपींतील वाहतूक उघडून पाहणारें एक यंत्र संस्थेकडे होतें. परंतु त्या यंत्रास लागणारें प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वींच मुदत संपून निरुपयोगी झालें होतें, आणि तें नवें करण्याचें कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. पहारेकरी जागेवर होता, परंतु डोळे मिटून. २९ जुलै रोजीं तें प्रमाणपत्र नवें करतांच संशयास्पद वाहतूक ताबडतोब दिसूं लागली, आणि दुसऱ्याच दिवशीं संकेतस्थळ बंद करण्यांत आलें. मध्यंतरीं ७६ दिवस गेले होते.

जगास ही वार्ता ७ सप्टेंबरला कळली. गेलें काय? नांवें, जन्मतारखा, पत्ते आणि अमेरिकेंत जन्मभर माणसास चिकटून राहणारा 'सोशल सिक्युरिटी' क्रमांक. सुमारें २ लक्ष ९ हजार लोकांच्या पतपत्रांचे क्रमांकही गेले. आणि आम्हांस सर्वांत अधिक लागली ती गोष्ट ही कीं, आपली नोंद दुरुस्त व्हावी म्हणून ज्यांनीं भाबडेपणानें पुराव्याचे कागद धाडले होते, अशा सुमारें १ लक्ष ८२ हजार लोकांचे ते कागदही चोरांस सांपडले. इंग्लंड व कॅनडा येथील कांहीं लोकांसही याची झळ लागली.

घरांतून दागिना गेला तर दुःख होतें. परंतु दागिना पुन्हां घडवितां येतो, कुलूप बदलतां येतें. जन्मतारीख कशी बदलावी? आईचें माहेरचें नांव कसें बदलावें? ज्या खुणांनीं बँक आपणांस ओळखते त्याच खुणा दुसऱ्याच्या हातीं गेल्या, तर तो दुसरा उद्यां आपल्या नांवानें कर्ज काढील, आणि तें आपण काढलेलें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार मात्र आपल्यावर पडेल. चोरी होऊन वर्षें लोटलीं तरी ही धास्ती संपत नाहीं. म्हणूनच आम्हीं आरंभीं म्हटलें कीं, ही नुकसानी कुटुंबांची होती.

पुढें व्हावयाचें तें झालें. संस्थेचे मुख्य अधिकारी रिचर्ड स्मिथ सप्टेंबरांतच पायउतार झाले, आणि ऑक्टोबरांत अमेरिकन लोकसभेच्या समितीपुढें त्यांनीं जबानी दिली. इशारा योग्य माणसापर्यंत पोंचविण्यांत एका व्यक्तीकडून चूक झाली व शोधक यंत्रानेंही दगा दिला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. डिसेंबर २०१८ मध्यें त्याच सभेच्या एका समितीनें आपला अहवाल प्रसिद्ध केला, आणि ही चोरी सर्वस्वी टाळतां येण्यासारखी होती असा निष्कर्ष काढला. इंग्लंडांतील माहिती-आयुक्तांनीं ५ लक्ष पौंड दंड केला. जुलै २०१९ मध्यें संस्थेनें अमेरिकन सरकार व संस्थानें यांच्याशीं तडजोड करून किमान ५७ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याचें मान्य केलें. फेब्रुवारी २०२० मध्यें अमेरिकेच्या न्यायखात्यानें चिनी सैन्यांतील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला. चीननें तो नाकारला.

एका व्यक्तीची चूक, हें स्पष्टीकरण आम्हांस पटत नाहीं. ज्या घराची सुरक्षितता एका माणसाच्या एका विसरण्यावर अवलंबून आहे, त्या घराची व्यवस्थाच चुकली आहे. यादी जुनी होती, डब्यांवर नांवें नव्हतीं, किल्ल्या उघड्यावर होत्या, पहारेकऱ्याचे डोळे मिटलेले होते. यांपैकीं एक जरी गोष्ट ठीक असती, तरी चोर एक तर शिरले नसते किंवा चार दिवसांत पकडले गेले असते. स्वयंपाकघरांत दूध उतूं गेलें तर सुनेकडे बोट दाखविणें सोपें असतें. परंतु चुलीजवळ कोणीं केव्हां उभें राहावें हें ठरवून देणें हें घरांतील वडील माणसांचें काम असतें.

या एका धड्यानें जग शहाणें झालें असें मात्र म्हणवत नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें 'लॉग४जे' नांवाच्या दुसऱ्या एका तयार भागांत हाच दोष निराळ्या रूपानें उघडकीस आला. याचें काम तर आणखी साधें: संगणकांत जें जें घडेल त्याची रोजकीर्द लिहिणें. परंतु लिहावयाच्या मजकुरांत विशिष्ट प्रकारचा पत्ता आढळला, तर हा कारकून लेखणी खालीं ठेवून त्या पत्त्यावर जाई, आणि तेथून मिळेल ती आज्ञावली आणून चालवी. मुलांच्या एका लोकप्रिय खेळांत गप्पांच्या चौकटींत तशी एक ओळ लिहिली तरी काम भागत असे. गांभीर्याच्या मापनांत या दोषास दहापैकीं दहा गुण मिळाले, आणि जगभरच्या कचेऱ्यांतून लोक आपल्या कोणत्या डब्यांत लॉग४जे आहे तें शोधीत रात्री जागवूं लागले. त्याच वर्षीं मे महिन्यांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं असा हुकूम काढला होता कीं, सरकारास सॉफ्टवेअर विकणारांनीं त्यांत कोणकोणते तयार भाग घातले आहेत याची यादी देण्याची पद्धत सुरू व्हावी. डब्यांवर नांवें लिहा, एवढाच त्याचा साध्या भाषेंत अर्थ.

यांतून आपण काय घ्यावें? आपल्या देशांतही २००५ च्या कायद्यान्वयें पतनोंदी ठेवणाऱ्या चार संस्थांस रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे. त्यांपैकीं एक याच इक्विफॅक्सच्या घराण्यांतील आहे. आपणांपैकीं ज्यांनीं घरासाठीं, मुलाच्या शिक्षणासाठीं किंवा गाडीसाठीं कर्ज काढलें आहे, त्या सर्वांचें पान त्यांच्या वहींत आहे. प्रत्येक संस्थेकडून वर्षांतून एकदां आपली संपूर्ण नोंद विनामूल्य मिळविण्याचा आपणांस हक्क आहे. दिवाळीपूर्वीं घरांतील जमाखर्च पाहण्याची रीत ज्या घरीं अजून टिकून आहे, त्यांनीं त्याच बैठकींत ही नोंदही मागवून पाहावी. आपण न काढलेलें कर्ज तींत दिसलें, तर त्याच दिवशीं तक्रार करावी.

दुसरें असें कीं, आतां प्रत्येक घराची एक देवडी आपल्या खिशांतही असते. दूरध्वनीचें यंत्र 'सुधारणा आली आहे' असें सांगतें, आणि आपण 'नंतर' म्हणून तें बाजूस सारतों. त्या सुधारणांपैकीं पुष्कळ अशाच फटी बुजविण्यासाठीं असतात. इक्विफॅक्सच्या घरींही अशीच एक दुरुस्ती करावयाची राहून गेली होती. आणि 'आपलें खातें बंद होत आहे, या दुव्यावर ताबडतोब बोट ठेवा' अशी चिठ्ठी त्याच यंत्रावर आली, म्हणजे आपण स्वतःच देवडीवरचे माणूस होतों. चिठ्ठी वाचावी, मानावी कीं नाहीं तें घरांतील चार माणसांस विचारून मग ठरवावें. आजोबांना असल्या चिठ्ठ्या आल्या तर त्यांनीं नातवास दाखविण्यांत कमीपणा मानूं नये, आणि नातवानेंही हंसूं नये. अटलांट्यांतील त्या संस्थेंत शास्त्र शिकलेल्या माणसांची वाण नव्हती. तरीही चारशें जणांस पत्र गेलें, आणि दार उघडें तें उघडेंच राहिलें.